सांधा जुळेपर्यंत : पोलादी कमानपूल उभा कसा राहतो

दगडी कमान बांधताना आधी खाली लाकडाचं सेंटरिंग उभं करतात. दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे, माथ्यावर कळीचा दगड ठोकून बसवायचा आणि मग सेंटरिंग उतरवायचं. तोवर सगळं वजन सेंटरिंगवर असतं, कमान म्हणून तिचं काम सुरूच झालेलं नसतं. पोलादी कमानीचंही तसंच आहे. फरक इतकाच की तिच्या खाली खोल दरी असते, नाहीतर जहाजांची वर्दळ असलेली खाडी, आणि सेंटरिंग टेकवायला जागाच नसते. त्यामुळे पोलादी कमानपुलांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सगळीकडे एकच प्रश्न दिसतो: दोन अर्ध्या कमानी एकमेकींना भेटेपर्यंत त्यांना धरून कोण ठेवणार?

हा प्रश्न किती मोठा आहे ते आकड्यांत बघू. 100 मीटरचा गाळा आणि 20 मीटर उठाव असलेली कमान घ्या. गाळा म्हणजे दोन पायांमधलं अंतर, उठाव म्हणजे पायापासून माथ्यापर्यंतची उंची. एका रिबवर, म्हणजे कमानीच्या एका वाकलेल्या मुख्य अंगावर, रस्ता, स्वतःचं वजन, वाहनं असं सगळं धरून दर मीटरला 10 टन भार आहे असं समजू. एकूण 1000 टन, म्हणजे प्रत्येक पायावर 500 टन उभा भार. पण कमान पायाला नुसती खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. या आडव्या रेट्याचं सूत्र सोपं आहे: दर मीटरचा भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उठावाची आठपट. 10 × 100 × 100 ÷ 160 = 625 टन. उभे 500 आणि आडवे 625 मिळून रिबच्या बुडाशी तिरका दाब भरतो 800 टन. उठाव 20 ऐवजी 10 मीटर ठेवला तर आडवा रेटा थेट दुप्पट, 1250 टन. म्हणूनच बहुतेक पोलादी कमानींचा उठाव गाळ्याच्या चौथ्या ते सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्याहून चपटी कमान दिसायला डौलदार वाटते, पण तिची किंमत पायाला मोजावी लागते.

आता याच कमानीचं अर्धं अंग उभारणीच्या शेवटच्या दिवशी कसं असतं ते पाहा. रस्ता अजून बसलेला नाही, रिबचं स्वतःचं वजन दर मीटरला 3 टन धरू. अर्ध्या कमानीचं वजन 150 टन आणि ते पायातल्या बिजागरीपासून सरासरी 25 मीटर पुढे लोंबतंय. माथ्याच्या पातळीवर, म्हणजे 20 मीटर उंचीवर, आडवी केबल लावून तिला मागे ओढून धरायचं तर ओढ लागेल 150 × 25 ÷ 20, म्हणजे 187.5 टन. आणि पुऱ्या झालेल्या कमानीत याच वजनामुळे आडवा रेटा किती येतो? 3 × 100 × 100 ÷ 160. तेवढाच, 187.5 टन. समोरून येणारी अर्धी कमान पुढे जो आधार देणार आहे, तोच आधार सांधा जुळेपर्यंत केबलला मागून द्यावा लागतो. प्रत्यक्षात केबल तिरकी असते, एकाऐवजी अनेक असतात, त्यामुळे आकडे बदलतात. पण हिशोबाचा गाभा हाच. म्हणून नांगरणीचा खडक (ज्यात केबलचं टोक पक्कं रोवतात तो), केबल, तात्पुरते मनोरे यांना ‘तात्पुरतं काम’ म्हणून हलक्यात घेणं मला कधीच पटत नाही. त्या काही महिन्यांत कमानीचा अर्धा भाग म्हणजे तेच असतं.

शिवाय सांध्याआधी आणि सांध्यानंतर आतल्या बळांची दिशाच पालटते. ट्रस पद्धतीच्या, म्हणजे त्रिकोणी जाळीसारख्या रचलेल्या, कमानीत वरून आणि खालून जाणाऱ्या दोन मुख्य पट्ट्यांना कॉर्ड म्हणतात. उभारणीच्या वेळी वरची कॉर्ड ताणात असते, कारण अख्खं अंग हात पुढे केल्यासारखं लोंबत असतं. सांधा जुळून भार आला की तीच कॉर्ड दाबात जाते. ताणासाठी सांध्यातले बोल्ट पुरेसे हवेत, दाबासाठी तो तुकडा बकल होऊ नये, म्हणजे दाबाखाली बाजूला वाकून जाऊ नये, इतका जाड हवा. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या, आणि पहिली विसरली तर दुसरीपर्यंत पूल पोहोचतच नाही.

पहिली मोठी लोखंडी कमान, इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलची, 1779 मध्ये उभी राहिली. गाळा साधारण 30 मीटर, ओतीव लोखंड, आणि सांधे चक्क सुतारकामाचे: खाच, कूस, पाचर. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं आणि ताणात तडकतं, त्यामुळे कमानीला ते चाललं. पोलादाची मोठी कमान यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. सेंट लुईस इथे मिसिसिपीवरचा ईड्स पूल 4 जुलै 1874 रोजी खुला झाला. वर रस्ता, खाली रेल्वे. मधला गाळा 520 फूट, बाजूचे दोन 502 फूट. जेम्स ईड्स यांनी कमानीच्या नळ्यांसाठी क्रोमियमयुक्त पोलाद वापरलं आणि नदीत टेकू न लावता खांबांच्या दोन्ही बाजूंनी कमानी पुढे सरकवत नेल्या.

सप्टेंबर 1873 मध्ये तिथे घोळ झाला. शेवटचा तुकडा बसवायची वेळ आली आणि उन्हाने नळ्या इतक्या वाढल्या की फट पुरेना. नळ्यांभोवती टनावारी बर्फ बांधून पाहिला, भागलं नाही. अखेर ईड्स यांनी आधीच रचून ठेवलेला दुसरा मार्ग कामी आला: आटे पाडलेला, फिरवून लांबी कमीजास्त करता येणारा जोडतुकडा. तो आखूड करून फटीत घालायचा आणि मग फिरवून लांब करायचा. 1905 मध्ये आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सच्या पुलावर हेच संकट आलं आणि उपाय निघाला तो नुसता थांबण्याचा. दिवसा न बसलेला तुकडा पहाटे गारव्यात बरोबर बसला.

तापमानाचा हा भाग साध्या आकड्यांनी नीट कळतो. आपल्या 100 मीटरच्या कमानीचं अर्धं अंग वक्रावर मोजलं तर सुमारे 55 मीटर भरतं. पोलाद दर मीटरला दर अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतं. दहा अंशांच्या फरकाला एका अंगात 6.6 मिलिमीटर, दोन्ही अंगांत मिळून 13. आणि 24 मिलिमीटरच्या बोल्टसाठी छिद्र असतं 26 चं, म्हणजे मोकळीक दोन मिलिमीटर! त्यातून ऊन एकाच बाजूने पडलं की त्या बाजूची रिब जास्त तापते आणि टोक आडवं सरकतं. म्हणून सांध्याआधी सलग काही रात्री टोकांची जागा आणि पोलादाचं तापमान दर तासाला नोंदवतात. हवेचं तापमान इथे कामाचं नाही, थर्मामीटर पोलादाला चिकटवावा लागतो. जोडतुकडा त्या नोंदींवरून कापतात, त्याची एका बाजूची छिद्रं शेवटी पाडतात, आणि सांधा पहाटेच्या आत उरकतात. टोकं थोडी मागे ओढून ठेवून फट मुद्दाम जास्त राखायची, हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग. फट मोठी असेल तर केबल सैल सोडून ती कमी करता येते. फट कमी पडली तर एवढं धूड मागे ओढणं फार अवघड.

सिडनी हार्बर ब्रिजवर नेमकं हेच केलं. 503 मीटर गाळा, कमानीत 39,000 टन पोलाद. दक्षिणेकडची अर्धी कमान ऑक्टोबर 1928 मध्ये सुरू झाली, उत्तरेकडची त्यानंतर काही महिन्यांनी. प्रत्येक अर्ध्या कमानीला 128 केबल मागे ओढून धरत होत्या आणि त्या केबल खडकात खोदलेल्या घोड्याच्या नालेसारख्या बोगद्यातून वळवून परत वर आणलेल्या होत्या. नांगर म्हणून वेगळं काही ओतलेलं नाही. डोंगराचा तेवढा तुकडाच नांगर. 580 टनांची क्रेन कमानीच्या वरच्या कॉर्डवर बसून पुढचा खण जोडायची आणि मग त्याच खणावर सरकायची. म्हणजे अर्ध्या कमानीच्या टोकाला स्वतःच्या वजनाशिवाय ही क्रेनही लोंबत होती, आणि केबलच्या हिशोबात तिचा वाटा मोठा होता.

दोन्ही टोकं समोरासमोर आली तेव्हा मध्ये मीटरभर फट होती. केबल एकेक करत थोड्या थोड्या सैल सोडत गेले, अंगं हळूहळू पुढे झुकली आणि 19 ऑगस्ट 1930 च्या रात्री टोकं भिडली. आधी खालची कॉर्ड मध्यावर खुंटीने जुळली. त्या क्षणी कमान तीन बिजागऱ्यांची होती: दोन पायांत, एक माथ्यावर. मग वरच्या कॉर्डमध्ये जॅक लावून ठरलेला दाब भरला, फट पक्की केली आणि माथ्याची बिजागरी नाहीशी झाली. मला हा टप्पा फार आवडतो. जॅक न लावता वरची कॉर्ड नुसती जोडून टाकली असती, तर कमानीच्या स्वतःच्या वजनातला वाटा तिच्यावर आलाच नसता आणि खालच्या कॉर्डवर जास्तीचा बोजा कायमचा राहिला असता. भार कुठून वाहील ते माणसांनी जॅकच्या दट्ट्याने ठरवलं.

त्यानंतर क्रेन माघारी फिरल्या आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूला हँगर (कमानीपासून रस्ता लटकवणारे उभे दांडे किंवा दोर) व रस्त्याचे गर्डर टांगत गेल्या. क्रेन मध्यावरच होत्या, तेव्हा त्यांना रिकामं मागे नेण्यापेक्षा काम करत परत आणणं सोयीचं. पुलात सुमारे 60 लाख रिवेट आहेत, सर्वांत मोठा साडेतीन किलोचा. भट्टीवरचा माणूस रिवेट लाल करून फेकायचा, दुसरा बादलीत झेलायचा, तिसरा मागून दाबून धरायचा, चौथा हातोड्याने डोकं घडवायचा. रिवेट गार होताना आखडतो आणि पत्रे आवळून धरतो, त्यामुळे तो बसतानाचा लालपणा महत्त्वाचा. निवलेला रिवेट ठोकला तर छिद्र भरत नाही आणि पकडही येत नाही. पुलाच्या सगळ्या कामात मिळून 16 माणसं दगावली. फेब्रुवारी 1932 मध्ये 96 वाफेची इंजिनं उभी करून चाचणी झाली आणि 19 मार्चला पूल खुला झाला. दोन्ही टोकांचे दगडी मनोरे मात्र भार घेत नाहीत. त्यांच्या बुडाशी असलेले अबटमेंट (टोकाचे भक्कम पाये) आणि कमान ज्यांवर टेकते ती चार बेअरिंग सगळा रेटा झेलतात, प्रत्येक बेअरिंगवर जवळजवळ 20,000 टन. बेअरिंगमधली खुंटी 4.2 मीटर लांब आणि 368 मिलिमीटर जाड आहे. उन्हाळ्यात कमानीचा माथा 18 सेंटिमीटरपर्यंत वर येतो तो याच खुंट्यांवर फिरून.

इथे बिजागऱ्यांचा विषय मिटवून टाकू. तीन बिजागऱ्यांची कमान तापमान आणि पाया खचणं दोन्ही निमूटपणे सोसते, पण माथ्यावरची बिजागरी झिजते आणि तिथे रस्त्याला बाक येतो. बिनबिजागरीची कमान सगळ्यात ताठ, मात्र पाया थोडा जरी हलला किंवा तापमान बदललं की बुडाशी मोठा वाक घेते. दोन बिजागऱ्या हा मधला मार्ग, आणि मोठ्या गाळ्यांना तोच जास्त वापरला गेला.

सिडनीच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर 1931 मध्ये, अमेरिकेतला बेयॉन पूल खुला झाला. गाळा सिडनीपेक्षा जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरने जास्त. तिथे पाण्यात तात्पुरते टेकू आणि जॅक वापरता आले, म्हणून केबलचा खटाटोप लागला नाही. या पुलाचं पुढे झालेलं काम कमानीचा एक गुण फार छान दाखवतं. मोठी जहाजं खालून जाईनात, तेव्हा कमान जागेवर ठेवून, मजबूत करून, रस्ताच वर उचलला: पाण्यापासूनची मोकळी उंची 46 मीटरवरून साडेपासष्टवर. हे काम 2019 मध्ये संपलं. रस्ता हँगरला टांगलेला असल्यामुळेच असा विचार करता येतो.

वेस्ट व्हर्जिनियातला न्यू रिव्हर गॉर्ज पूल (1977) नदीपासून 267 मीटर उंच, गाळा 518 मीटर. तिथे दरीवर केबल टाकून तुकडे ट्रॉलीने लोंबकळत नेले आणि अर्ध्या कमानी मागून बांधून ठेवल्या. पोलाद कोर-टेन प्रकारचं, बिनरंगाचं. त्यावर बसणारा तपकिरी थर पुढचा गंज रोखतो, पण एका अटीवर: पोलाद भिजलं तर वाळलंही पाहिजे. मीठ, साचलेला पाला, गसेटच्या (सांधा जोडणाऱ्या पत्र्याच्या) कोपऱ्यात उभं राहणारं पाणी असेल तर तो थर पक्का होतच नाही आणि गंज आत उतरत जातो. शांघायच्या लुपू पुलाने (2003) 550 मीटर गाठले ते बंद पेटीसारख्या रिबने आणि वेल्डिंगने. चीनमधल्याच चोंगचिंगचा 2009 चा चाओतियानमेन पूल 552 मीटर.

आता पुरी झालेली कमान कशाने बिघडते ते. पहिली गोष्ट गणितातली, आणि नवख्याला ती उलटी वाटते: पूर्ण भरलेल्या पुलापेक्षा अर्धा भरलेला पूल रिबला जास्त छळतो. भार सारखा पसरला तर परवलयी रिबमध्ये वाक जवळजवळ येतच नाही, नुसता दाब. पण दर मीटरला 2 टन वाहनभार फक्त अर्ध्या गाळ्यावर उभा राहिला, तर तीन बिजागऱ्यांच्या कमानीत पाव गाळ्यावर 2 × 100 × 100 ÷ 64, म्हणजे 312 टन-मीटरचा वाक येतो. भरलेली बाजू खचते, रिकामी बाजू वर फुगते. दोन बिजागऱ्यांची कमान तिच्या उभ्या प्रतलात बकल होते तीही याच आडव्या ‘एस’च्या आकारात. रिबची जाडी या दोन गोष्टी मिळून ठरवतात. आडव्या दिशेला बकलिंग रोखायला दोन रिबमधली ब्रेसिंग, म्हणजे त्यांना एकमेकींशी बांधणारे आडवे-तिरके दांडे, असतात. रस्ता जिथून आत शिरतो तिथे ते लावता येत नाहीत, म्हणून तिथली चौकट खास ताठ करावी लागते.

दुसरी गोष्ट पाय. नायगारावरचा 1898 चा पोलादी कमानपूल, गाळा 840 फूट, 27 जानेवारी 1938 रोजी पडला. त्याच्या कमानीत दोष निघाला नव्हता. पाय पाण्याच्या फार जवळ होते, वरून आलेल्या बर्फाचा ढीग तिथे साचला आणि त्याने बुडालाच ढकललं. जवळच बांधलेल्या रेनबो पुलाचे (1941) पाय त्यामुळे पाण्यापासून बरेच वर ठेवले.

जिथे खडकच नाही तिथे धनुष्याच्या दोरीसारखा खालून टाय लावून दोन्ही पाय एकमेकांना बांधतात. मग आपले ते 625 टन पायाऐवजी टायमध्ये ताण म्हणून येतात, पायावर फक्त उभा भार. सोय मोठी आणि जोखीमही मोठी, कारण टाय तुटला तर कमान पाय पसरते आणि संपते. लुईव्हिलच्या शर्मन मिंटन पुलाच्या टायमध्ये, उच्च ताकदीच्या पोलादाच्या वेल्डपाशी, तडे सापडले आणि सप्टेंबर 2011 मध्ये पूल तडकाफडकी बंद करावा लागला. नव्या पुलांत टाय एकाऐवजी बोल्टने जोडलेल्या अनेक पत्र्यांचा करतात, म्हणजे एका पत्र्यातला तडा शेजारच्यात शिरत नाही. पेटीच्या आत माणूस शिरेल एवढं दार आणि तळाला पाणी निघायची छिद्रं हवीतच. बंद पेटीतही दमट हवेचं पाणी होतं.

तिसरी, आणि आज सगळ्यात जास्त काळजी करण्यासारखी, गोष्ट हँगर. तैवानचा नानफांगआओ पूल, 1998 चा, एकाच कमानीचा, 1 ऑक्टोबर 2019 च्या सकाळी कोसळला. टँकर पुलाच्या टोकाशी पोहोचत होता. खाली बोटींवरची सहा माणसं गेली. हँगरची खालची नांगरणी, जी रस्त्याच्या आत झाकलेली होती, गंजून गेली होती. पाणी तारेवरून ओघळत खाली येतं, आवरणाच्या फटीतून नांगराच्या टोपीत शिरतं आणि तिथेच राहतं. वरून रंग ताजा, आत दोर कुजलेला. टोकांकडच्या आखूड हँगरांचे हाल आणखी वेगळे. रस्ता तापून लांबतो तेव्हा 15 मीटरचा हँगर सहज कलतो, दीड मीटरच्या हँगरला तेवढ्याच सरकण्यासाठी दहापट कोनात वाकावं लागतं. रोजचं वाकणं, त्यात गंज, म्हणून थकव्याने तारा तुटायला सुरुवात बहुधा तिथून होते. आखूड हँगरांना दोन्ही टोकांना खुंटी किंवा गोल बेअरिंग देणं हा त्यावरचा उपाय, आणि तो आराखड्यातच हवा.

हँगर बदलता येईल असाच पूल रचला पाहिजे. कोणताही एक हँगर गेला तरी बाकीच्यांनी भार उचलावा, हा आता नेहमीचा निकष आहे. बदलताना जुन्या हँगरच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या पोलादी सळ्या लावतात, रस्त्याच्या गर्डरखाली आडवा तुळईतुकडा घेतात आणि जॅकने टप्प्याटप्प्याने भार सळ्यांवर आणतात. दर टप्प्याला जॅकचा दाब आणि रस्त्याची पातळी दोन्ही लिहायची. जुना हँगर सैल झाल्याची खात्री पटल्यावरच कापायचा. नवा ताणताना केवळ दाबावर विसंबायचं नाही, पातळी आधीइतकी येते का तेही पाहायचं, आणि दोन्ही मोजमापं सारख्याच तापमानाला, शक्यतो रात्री वाहतूक थांबवून. एका वेळी एकच हँगर, शेजारचा नंतर. शेवटी खालच्या टोपीत मेण किंवा ग्रीस भरतात, टोपीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायचं छिद्र ठेवतात, आणि ती टोपी रस्ता न फोडता उघडून बघता येईल अशी बाहेर काढून बसवतात.